खालच्या सुरातला पियानो

॥ श्री ॥

डिचोली, १२ सप्टेंबर २०२४

चि. ऋतिकास विमला आतेचे ओंजळभर आशीर्वाद.

गणपतीची चवथ छान पार पडली. मूर्तीवरची फळापानांची माटोळी सर्वेशने बांधली. नेवऱ्या मी केल्या आणि तुझ्या वाटणीच्याही मीच खाल्ल्या. फोन करू नको म्हणते त्याचा राग मानू नकोस. कानातल्या यंत्रातून फोनवरचं माणूस चूळ भरल्यासारखं ऐकू येतं. आपली पत्रंच बरी.

आता वाईट बातमी. शेजारच्या साईशने आरतीसाठी माझा पियानो त्याच्या पेटीशी जुळवायचं मनावर घेतलं. पियानो पेटीपेक्षा खालच्या सुरात बोलतो, म्हणून तो तारा पिळत वर ओढत गेला. एक जाड तार अशी तुटली की मांजर अजून घरात फिरकलेलं नाही.

डिसेंबरात सर्वेशचं लग्न, मला सून येणार, म्हणून त्याला हॉल मोकळा हवा. मोप्याच्या एका नव्या हॉटेलवाल्याला पियानो हवाय, पण पोट रिकामं करून, वर फुलदाण्या ठेवायला. मी हो म्हणून टाकलं. कार्मेलीनबायने मला याच पियानोवर शिकवलं आणि लिस्बनला जाताना तो माझ्या हवाली केला. पण तुटकं वाद्य किती दिवस उराशी धरायचं? तुझ्या चेलोबरोबर मी तो वाजवावा असा घाट तू घातला होतास, तो आता सोड.

आणि तू म्हणे चेलोच्या स्टीलच्या तारा काढून मेंढीच्या आतड्याच्या चढवल्यास. सोमवार पाळणाऱ्या घरातली गे तू.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
विमला आते

हेग, २५ सप्टेंबर

ती. आतेस ऋतिकाचा सा. न. वि. वि.

सोमवारचं म्हणशील तर आपल्या आरतीत वाजणाऱ्या घुमटावर कुणाचं कातडं असतं, ते साईशला विचार.

आते, पियानो देऊ नकोस, पाया पडते. त्याचा काही दोष नाही. इथे आम्ही हेच शिकतो : दीडशे वर्षांपूर्वीची चेलो-पियानोची सोनाटा त्याच काळच्या वाद्यांवर वाजवायची. तेव्हाचे कितीतरी पियानो आजच्यापेक्षा खाली लावत. तुझा त्यातलाच एक. त्याला वर ओढलं की त्याचा जीव जातो. पेटीला खाली येता येत नाही, तिचे सूर एकदा बसवले की बसले. माझ्या आतड्याच्या तारा मात्र सैल केल्या की खाली येतात आणि तिथे जास्तच गोड बोलतात. तार बदलून घे आणि पियानो आहे तिथेच राहू दे. मी येईन खाली.

इथे माझ्याबरोबर पियानो वाजवणारी मुलगी फार हुशार आहे. पण बाबांना न सांगता मला पणजीला नेऊन पहिल्यांदा चेलो ऐकवलास तो तू. मी बसवतेय ती सोनाटा लोकांपुढे पहिल्यांदा वाजवायची ती तुझ्याबरोबरच.

हट्ट पुरवशील या भरवशावर,
तुझी ऋतिका

डिचोली, ३० ऑक्टोबर

चि. ऋतिकास आशीर्वाद, आणि दिवाळीचे वेगळे.

साईश नरकासुर बांधण्यात गुंतलाय, त्यामुळे पियानो सुखरूप आहे. म्हापशाहून पियानो लावणारा कृष्णनाथ आला. त्याने तार बसवली आणि सूर न चढवता सगळ्या तारा एकमेकींशी जुळवल्या. पियानो ठेवण्यावरून सर्वेशशी माझं भांडण झालं. शेवटी तो म्हणाला, लग्नाआधी घरच्यांसमोर दोघींनी वाजवून दाखवा. जमलं तर पियानो राहील, नाहीतर हॉटेलवाल्याचा टेंपो येईल.

रोज चहात उंडा पाव बुडवून खाल्ला की वाजवायला बसते. बोटं कुरकुरतात, पण येतात. भीती वेगळीच आहे. मोठा आवाज यंत्रात फुटतो. वाजवताना तुझा चेलो मला ऐकूच आला नाही तर? तू एकीकडे, मी भलतीकडे, आणि पियानो जायचा तो माझ्या कानांपायी. मला खरंच भीती वाटते, गे.

लवकर ये.
विमला आते

डिचोली, ६ जानेवारी २०२५

चि. ऋतिकास पोटभर आशीर्वाद.

वाजवता वाजवता यंत्र का काढलंस, असं तू विमानतळावर विचारलंस. तिथल्या गोंगाटात मला सांगता आलं नाही.

सुरुवातीला यंत्रात तुझा चेलो आणि माझा पियानो नुसते कालवले जात होते. मी चुकले, तू थांबलीस, आणि सर्वेश खिडकीबाहेर बघू लागला. वाटलं, संपलं. मग तुझा एकटीचा भाग आला. माझा पाय पेडलवर होता, हात पियानोच्या लाकडावर. तू सूर धरलास आणि पियानो आपणहून थरथरला. मी एकही पट्टी दाबली नव्हती. तू सूर बदललास, तशी थरथरही बदलली. तेव्हा मी यंत्र काढून पदरात बांधलं आणि पायातून, बोटांतून येणाऱ्या थरथरीवर वाजवत गेले. तुझा चेहरा पांढराफटक पडलेला पाहिला मी, पण त्यानंतर एकदा तरी चुकले का?

कृष्णनाथला विचारलं. तो म्हणाला, पेडल दाबून तारा मोकळ्या सोडल्या आणि दोन्ही वाद्यांचे सूर नेमके जुळले की तारा अशा बोलतात. तू तुझ्या वरच्या सुरात राहिली असतीस, तर पियानो मुकाच राहिला असता.

सर्वेशने हॉल मोकळा केला. सोफा हॉटेलवाल्याला दिला. नवी सून सेजल आता चटईवर बसून माझं वाजवणं ऐकते, आणि मांजरही परत आलंय.

कान गेले तेव्हा मी देवावर रुसले होते. आता नाही. तू खाली आलीस, बाय, म्हणून मला ऐकू आलं.

अशीच येत राहा.
तुझी विमला आते