नववी रेघ

३ जून
आजपासून सासरच्या गावातल्या वारुगांची राखण माझ्याकडे! पगार बेताचाच, पण तोमोहोनहून आलेल्या नव्या सुनेला गावाने किल्ली दिली, हे काय कमी? आमच्या घरासमोरच्या अंगणात चौतीस वारुगा, म्हणजे दगडी कबरी, प्रत्येकीवर घराच्या छपरासारखं झाकण. आत पूर्वज टाचांवर बसलेले, गुडघे हनुवटीला, तोंड उत्तरेला. जुने राखणदार ओम वेम्पी यांनी बजावलं की शेवाळ ब्रशनेच काढायचं, लोखंड लावायचं नाही. म्हाताऱ्यांना कशाचीही काळजी.

७ जून
आमच्या काललो घराण्याच्या झाकणावरचं शेवाळ भलतंच चिवट. शेवटी खिळ्याने खरवडलं. आत जितकी माणसं तितक्या रेघा कडेला कोरतात. मोजल्या, नऊ भरल्या.

८ जून
ओम वेम्पींनी रेघांवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या रेघेवर थांबले.
"आठ होत्या, पोरी. चाळीस वर्षं मोजतोय मी."
नववी कोणासाठी कोरलीस, असं त्यांनी विचारलं. मी हसण्यावारी नेलं. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१० जून
काल मी त्या रेघेत सिमेंट भरलं होतं. सकाळी ते सगळं खाली पडलेलं.
हेन्की लवंगा तोडून आला, पाय आखडलेत म्हणाला. जेवायला खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवा बसला. माझा नवरा असा कधीच बसत नाही.

१२ जून
त्याचे पाय सरळ होत नाहीत. डॉक्टरने ओढून पाहिले, तो किंचाळला. मी त्याला दाराकडे वळवलं. पाणी घेऊन आले तर पुन्हा उत्तरेला तोंड —

१३ जून
हनुवटी गुडघ्यांना टेकली. पेज गिळत नाही. माझ्या एका खिळ्यापायी.
ओम म्हणाले, रेघ पुसता येत नाही, भरता येते. काललो माणसानेच.
लग्नापासून मीही काललोच.

१४ जून
झाकणावर हात ठेवून सांगितलं, "मी कोरली, मीच भरीन."

१५ जून
हेन्की चालला! दोन वाट्या पेज खाल्ली, वर भाजलेला मासा. मला विचारतोय, तू खाली का बसलीस. सगळं सांगून टाकलं. फार भीती वाटते —

१६ जून
वही गुडघ्यांवर. जबडा उघडत नाही — हाक मारता येत नाही —
खिडकीतून दिसतोय. हेन्की छिन्नी घेऊन झाकणाशी — रेघ पुसतो म्हणाला — लोखंड नको, हेन्की, दहावी —