अबू वासिफांच्या गाडीखालची विहीर

अम्मान, फेब्रुवारी सरताना

आदरणीय फदवाताईस,

धाकट्या रस्मियाचा सलाम. तुझे गुडघे, दाजींची साखर आणि अकबाची समुद्राची हवा ही तिन्ही ठिकाणावर असोत. आम्ही खुशाल आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतेस आणि स्वतःचं सुरू करतेस. कागदापुढे तुझं काही चालणार नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या गल्लीतली ती मोकळी जागा तुला आठवत असेल, जिथे अबू वासिफांची पांढरी गाडी वर्षानुवर्षं उभी असते (चालत नाही, नुसती असते). हिवाळ्यात टेकडीवरचं सगळं पाणी त्या जागेवरून पायऱ्या उतरून थेट तळाशी, उम्म अदहमच्या शिवणाच्या खोलीत शिरतं. उन्हाळ्यात मात्र सरकारी पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि गच्चीवरच्या टाकीत चढायलाही कुरकुरतं. म्हणजे अर्धं वर्ष पाण्याला हाकलायचं आणि अर्धं वर्ष त्याची मनधरणी करायची. मागच्या हिवाळ्यात उम्म अदहमकडे शिवायला आलेला एका नवरीचा पोशाख भिजला, आणि तिनं ठरवलं की आणखी एकदा पाणी घरात आलं की मुलाकडे झरक्याला जायचं ते कायमचं. ताई, माझं सकाळच्या कॉफीचं माणूस जाणार म्हटल्यावर मला घास गोड लागेना.

म्हणून मी गल्लीत जाहीर केलं की त्या जागेत दगड भरलेले खड्डे करू, झाडं लावू आणि पाणी तिथंच जिरवू. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. आमच्या नायेफला मात्र जोर चढला. त्यानं न्हाणीघराचं सांडपाणी नळीनं खिडकीखालच्या डाळिंबाला सोडलं. डाळिंब असं तरारलं की विचारू नकोस, पण नायेफची अब्रू त्याच्या पानांवर टांगली गेली. पानं जरा मलूल दिसली की समोरच्या बाल्कनीतून विचारणा होते, "काय नायेफभाऊ, आज आंघोळीला सुट्टी वाटतं?" (चाळीस वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही, ते एका झाडानं केलं.)

त्याच ओलाव्यात मी पुदिना लावला. असल्या पाण्यावर झाडं चालतात, कच्चा खायचा पाला नाही, हे मला ठाऊक नव्हतं. गाडी हलवायची गळ घालायला अबू वासिफांना चहाला बोलावलं आणि तोच पुदिना घातला. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, मग भल्या माणसानं पेला संपवला.

"रस्मिया," ते म्हणाले, "चहा छान झालाय. पण हा प्यायचा होता की अंगाला लावायचा?"

मी शरमेनं लाल झाले. नायेफनं साबणाचं नाव सांगून टाकलं. त्यावर अबू वासिफ डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, "न्या गाडी. तुमच्याशी कोण भांडणार? उद्या सरबत पाजाल."

गाडी ढकलायला सगळी गल्ली जमली. "हळू, म्हातारी आहे ती," असं अबू वासिफ सारखे बजावत होते. गाडी थोडी सरकली, कण्हली आणि मागचं चाक खचकन जमिनीत गेलं. माती आत कोसळली तेव्हा खाली घडीव दगडाचं तोंड दिसलं. नायेफ पोटावर झोपला आणि आत डोकावून "कुणी आहे का?" म्हणून ओरडला. आतून तेच घुमून परत आलं. पावसाचं पाणी साठवायची जुनी विहीर होती ती, आणि अबू वासिफ इतकी वर्षं तिच्यावर गाडी लावून बसले होते.

गाळ काढला, आतून गिलावा केला, आमच्या इमारतींच्या गच्च्यांचे नळ तिच्यात सोडले. तिच्याबाहेर वाहील ते पाणी खड्ड्यांत, खड्ड्यांभोवती जैतून, बदाम आणि खरनुबाची झाडं. आता अबू वासिफ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ही विहीर मी शोधली." (त्यांच्या गाडीनं शोधली, तेही मागच्या चाकानं.)

जानेवारीत पाऊस आला तो आभाळ फाटल्यासारखा. सकाळपासून आम्ही सगळे खिडक्यांना नाकं लावून बसलो होतो. कल्पना माझी आणि घर उम्म अदहमचं. पाणी टेकडीवरून आलं, जागेपाशी घुटमळलं, खड्ड्याखड्ड्यांत शिरलं आणि तिथंच राहिलं. पायऱ्या नुसत्या ओल्या. दुपारी उम्म अदहम छत्री घेऊन वर आली ती तणतणतच.

"पाणी कुठाय? सकाळपासून मशीन टेबलावर चढवून, पाय वर घेऊन बसलेय. मुंग्या आल्या पायांना."

मी तिचा हात धरला. तशी ती म्हणाली, "बरं, कॉफी टाक." झरक्याचा विषय तिनं पुन्हा काढलेला नाही. परवा त्या बदामांखाली (सध्या ते माझ्या कमरेएवढे आहेत, पण खाली म्हणायची पद्धत आहे) सगळ्या गल्लीनं बसून तिच्या हातची मक्लूबा खाल्ली.

दाजींना सलाम, मुलांना पापे.

तुझीच,
रस्मिया

ता. क. विहिरीचं पाणी उन्हाळाभर पुरणार नाही आणि रोपांचा हा पहिलाच उन्हाळा. गल्लीतल्या सगळ्या न्हाणीघरांच्या नळ्या आता झाडांना जोडल्यात, पण माणसं कमी पडतात. जूनमध्ये तुम्ही पाचहीजण राहायला या. प्रवासाआधी आंघोळ करून येऊ नका, ती इथे करा.

ता. क. दुसरा. नाही म्हणू नकोस, कारण तुम्हाला मी आधीच वाटून टाकलंय. तू माझ्या डाळिंबाला, मुलं खरनुबाला. दाजी केवढे धिप्पाड आहेत हे ऐकल्यावर अबू वासिफांनी त्यांना बदामांसाठी कालच राखून ठेवलं.