मेंढराचं औषध

प्रिय आबा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. अंथुर्ण्याला सगळे जमतील. तिथं मी एक गोष्ट बोलणार आहे, जी गावात बोलणार नाही असं तुम्हाला कबूल केलं होतं. लोकांच्या आधी ती तुमच्या कानावर घालावी, म्हणून हे पत्र.

तुम्ही अधूनमधून स्वप्नात येता. सुप्याकडचा माळ असतो. गवत पिवळं, ऊन आहे पण सावली कुणाचीच पडत नाही. मेंढरं चरतात, आवाज येत नाही. तुम्ही काठीवर भार टाकून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून उभे असता. मी हाक मारत नाही. स्वप्नातसुद्धा मी आधी बघते, कोणत्या पायावर उभे आहात. डावा असला की पुढची झोप नीट लागते.

उजवा खुबा गेला होता तुमचा. पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि सांगितलं, रक्त पोचत नसल्यामुळं हाड आतून मरत चाललंय. असं बहुतेक दारूनं होतं, नाहीतर स्टेरॉइडनं. "आबा, दारू घेता?"

"घेतो थोडी," तुम्ही म्हणालात.

तुम्ही आयुष्यात थेंब घेतला नव्हता. तुमचे चुलतभाऊ किसनतात्या शेजारी बसले होते. जन्मभर दोघांनी मेंढरं एकत्र राखली. ते म्हणाले, "आरं, कवापासनं? आन् मला एकदाबी न्हाय इचारलंस?"

ते पाणी आणायला गेल्यावर मी तुम्हाला बाकावर गाठलं. "खोटं का बोललात?"

"दारूची काय लाज? निम्मं गाव पितंय."

"मग काय घेत होता?"

तुम्ही काठी मांडीवर आडवी घेतलीत. "मेंढराचं इंजेक्शन. पाय सुजल्यालं मेंढरू दुसऱ्या दिशी उड्या मारतंय. म्हनलं, माझा गुडघा काय येगळा हाय? गुन बी आला. पन धनगरानं मेंढराचं औषध टोचून घेतलं म्हनल्यावर पोरं माझ्या मागनं बें बें करत फिरतील. गावात बोलू नगंस, शालन."

गावात नाही बोलणार, म्हणाले. डॉक्टरांना मात्र लगेच सांगितलं. ते इंजेक्शन स्टेरॉइडचंच होतं. घरी पोचेपर्यंत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही, आबा. ते औषध चालू राहिलं असतं तर ऑपरेशन करून उपयोग नव्हता.

ऑपरेशनही नवंच होतं. कमरेच्या हाडातला मगज सुईनं ओढून घ्यायचा, खुब्यात बारीक भोक पाडायचं आणि मेलेल्या हाडात तो सोडायचा. त्यातल्या मूळ पेशींपासून नवं हाड धरेल, अशी आशा. डॉक्टर 'आशा' हाच शब्द वापरत होते, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्या मगजाचा एक थेंब मी मागून घेतला होता. काचपट्टीवर पसरला, बारामतीच्या आमच्या लॅबमध्ये रंगवला, आणि तुम्हाला दाखवला. आठवतं? फिकट गुलाबी माळावर जांभळ्या, निळ्या पेशी पांगलेल्या. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात तो काढेचनात.

"कळपच हाय की. ह्यातली ती मूळ कोनती?"

"नुसतं बघून ओळखता येत नाही. ती इतरांसारखीच दिसते."

"मंग हाय कशावरनं?"

"पुढं हाड धरलं, तर होती म्हणायचं."

"म्हंजी गाभन मेंढीसारखंच. येळ द्यायचा."

उजव्या पायावर कित्येक महिने भार द्यायचा नव्हता. खेड्यातली माणसं हे पाळत नाहीत, असा डॉक्टरांचा अनुभव. तुम्ही कुबड्या भिंतीला टेकवल्यात, काठी घेतलीत आणि डाव्या पायावर उभे राहिलात. "हे काय शिकवायचं? जल्म गेला आसाच."

मग तुम्ही चालायला लागलात. आणि एका पहाटे झोपेतच गेलात. हृदय. खुब्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. शेवटचा एक्स-रे आधीच काढून झाला होता, तो बघायचं तेवढं राहिलं तुमचं.

मी बघितला. पहिला आणि शेवटचा, शेजारी शेजारी लावून. मांडीच्या हाडाचा गोळा अजून गोल आहे, ढासळलेला नाही. मेलेला भाग भरत आलाय, असं डॉक्टर म्हणाले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी त्या पांढऱ्या उजेडासमोर मी खूप वेळ उभी होते. तुम्ही आत कुठंतरी अजून चालत होता असं वाटलं.

गावाला यातलं काहीच माहीत नाही. आबाचं हाड दारूनं खाल्लं, एवढंच माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना? तेही मी चालू दिलं असतं. पण मेंढरांच्या औषधांची पेटी आता किसनतात्यांकडं आहे. त्यांचा गुडघा एकाएकी दुखायचा थांबलाय. तोंड गोल झालंय, गाल वर आलेत. आई म्हणते, भावजी तब्येतीनं भरले. तुमच्या वेळी आम्ही हेच म्हणायचो.

ते अजून सरळ चालतात. म्हणजे वेळ आहे. पण औषध सोडून द्या म्हणण्याइतका हा साधा मामला नाही, एकदम बंद केलं तरी माणूस कोसळतो. डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळूच उतरवावं लागतं. त्यासाठी आधी त्यांनी कबूल करायला हवं. आणि तुमची गोष्ट ऐकल्याशिवाय ते करणार नाहीत. दारू पितो म्हणून मोकळे होतील.

तेव्हा आबा, उद्या पंगत उठायच्या आत मी सगळ्यांसमोर सांगणार. इंजेक्शनचं, खुब्याचं, दोन्ही एक्स-रे दाखवून. पोरं बें बें करतील. तात्या सगळ्यांत मोठ्यानं हसतील. त्यांचं हसून होईपर्यंत मी थांबेन. मग त्यांच्या शेजारी जाऊन बसेन, आणि ते हो म्हणेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
शालन