म्हातारं कोण — फर्निचर की गफ्फारभाई?

३ नोव्हेंबर

लेख दुपारीच पाठवला! हुश्श करते तोच शाहनवाज दारात. चौकातल्या दुकानाला इंग्रजी पाटी हवी. "काकू, तुमी इंग्रजी पेपरात होत्या. एकदा पाहून द्या ना."

कागदावर — ओल्ड फर्निचर डीलर. पहिल्या दोन शब्दांमध्ये हायफन मारला. दोन शब्द मिळून पुढच्या नामाचं विशेषण होतात, म्हणून जोडायचे. नाहीतर 'ओल्ड' डीलरलाच चिकटतं. दुकानदार म्हातारा!

शाहनवाज हसला, मग कागदाची घडी घालू लागला. "घरात थेच भांडण चालू हाय, काकू." त्याच्या अब्बांना, गफ्फारभाईंना, डॉक्टरांनी लाकडाचा भुसा आणि पॉलिश बंद करायला सांगितलंय. छाती साथ देत नाही. ते ऐकत नाहीत.

५ नोव्हेंबर

आज गफ्फारभाई स्वतः. बसायच्या आधीच — "ताई, थे रेघ काढा."

काहून, म्हटलं.

"पोरगा म्हणते, रेघ लावली का जुनं फक्त फर्निचर. मंग मी कुठी गेलो?"

पाटी दुकानाची आहे, तुमची नाही, असं समजावू लागले.

"अन् बिना रेघेचं वाचलं तं?"

तर तुम्ही म्हातारे.

"मंग खरं थेच लिहा ना! म्हातारा हावो, पन डीलर हावो."

हसता हसता खोकला आला. थांबेना. पाणी दिलं. ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

पेपरच्या डेस्कवर इतकी वर्षं असा हायफन कधी सुटू दिला नाही. आज स्वतःच्या हातानं खोडला.

१२ नोव्हेंबर

पाटी लागली. ऑटोतून पाहिली. खुपली!

खाली गफ्फारभाई स्टुलावर, नाकाला रुमाल, शिसवी खुर्चीला पॉलिश करत. मला पाहून ब्रशनंच पाटी दाखवली. राजाच्या थाटात.

१३ नोव्हेंबर

शेजारच्या इंग्रजीच्या प्राध्यापिका — "पाटी तुम्ही तपासली म्हणे?" हो म्हटलं.

३० नोव्हेंबर

अकोल्याहून परतताना चौकात उतरले. स्टूल रिकामं. शाहनवाज म्हणाला, "अब्बा आराम करून राहिले." माझ्याकडे बघितलं नाही.

९ डिसेंबर

गफ्फारभाईंचा फोन. घरून.

"ताई, पेंटरले धाडून राहिलो तुमच्याकडे. थे रेघ कुठी लावाची, दाखवून द्या त्याले."