काळ्यावर पिवळं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझी पिवळी अक्षरं अजून माझ्याकडे आहेत. हिंजवडीत नोकरीला लागल्यावर, तुला बातम्या वाचता याव्यात म्हणून मी ती लॅपटॉपवर केली होती. मागे काळंभोर, वर जाड पिवळी अक्षरं, जाहिराती गायब. साइट कुणाचीही असो, आपल्या ब्राउझरात तिला हवं ते नेसवता येतं, बाकी जगाला ती होती तशीच दिसते. मी हे मोठ्या तोऱ्यात समजावत होते आणि तू म्हणालीस, "मंग मी येगळं काय करतीया?"

खरंच होतं ते. रिहे गावातल्या आपल्या घरात तू उंबऱ्याच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढलास, मिठाच्या बरणीला लाल चिंधी बांधलीस. तांदूळ निवडायला काळं घोंगडं अंथरायचीस, पांढरा दाणा उठून दिसावा म्हणून. दाणे दिसायचे, काळे खडे मात्र भातात यायचे. वडील मुकाट्यानं चावायचे. मी एकदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या, तर केवढी भडकलीस. "मला समदं दिसतंय. कुनाला बोलू नगंस. आंधळी म्हनत्यात आन् चुलीम्होरनं उठवत्यात." मी गप्प बसले. शेवटी पौडच्या दवाखान्यात नेलं तोवर काचबिंदूनं बरीचशी नजर खाल्ली होती. गेलेली परत येत नाही, एवढंच तिथं कळलं.

आता तीच पिवळी अक्षरं मी माझ्यासाठी लावते आहे. कडेचं नीट दिसत नाही. परवा लेकीनं बाजूनं पुढे केलेला चहा माझ्याच हाताच्या धक्क्यानं सांडला, आणि मी तिलाच ओरडले. ऑफिसात स्क्रीन दाखवली तर सहकारी हसला, "मॅडम, ये कौनसी थीम है?" फॅशन आहे, म्हटलं. मला भीती वाटते, आई. तुझ्यासारखी चुना आणि चिंध्या शोधत फिरेन याची नाही, तुझ्यासारखी गप्प बसेन याची.

काल डोळे दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का? असेल तर मुलीचेही डोळे आत्ताच तपासू." लेक शेजारीच बसली होती. मी म्हणाले, "नाही. माझ्या आईला शेवटपर्यंत सगळं दिसत होतं."

हे पत्र तुला पोचायचं नाही, मला ठाऊक आहे. खरं तर ते लेकीला वाचायला द्यायचं आहे. ती आत स्वयंपाकघरात भात लावते आहे, आणि मी अजून तिला हाक मारलेली नाही.