उतारावर न्यूट्रल

वेस्ट मांबलम, चेन्नई
२२ जून २००८

तीर्थरूप अण्णांस,

कल्पनाचा साष्टांग नमस्कार. आईला सांगा, तिने दिलेलं मेतकूट संपत आलं आणि त्यातलं निम्मं आमच्या घरमालकांच्या घरी गेलं. इराची शाळा सुरू झाली. तुमचे जावई नमस्कार सांगतात. उन्हाळा संपल्याचं इथे फक्त कॅलेंडरला माहीत आहे. मी बरी आहे, म्हणजे दमलेली आहे. हल्ली दोन्हींत फारसा फरक राहिलेला नाही.

पेट्रोल वाढल्यापासून तुम्ही फोनवर माझ्यावरच चिडता. सरकार गाड्यांचा वेग कमी करायला सांगणार, असं तुम्ही कुठेतरी वाचलंत आणि म्हणालात, "हळू चालवा एवढंच सांगायचं असेल तर तुम्हा इंजिनिअरांना पगार कशाला?" अण्णा, गाड्यांच्या कंपनीत आमच्या खात्याला पगार नेमका त्याच्या उलट कामाचा मिळतो. वेगाला हात न लावता गाडीने कमी पेट्रोल कसं प्यावं, हे आम्ही दिवसभर शोधतो. पत्रा हलका करतो, टायर बदलतो, आरशाचा आकार बदलून बघतो. महिनाभर खपल्यावर लिटरमागे जेमतेम अर्धा किलोमीटर वाढतो आणि मग साहेब म्हणतात, अजून.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर टपावरचा कॅरिअर काढून टाका. गावाला जायचं नसताना तो नुसता वारा अडवतो. हवा महिन्यातून दोनदा तपासा, टायर थंड असताना. डिकीतलं पाण्याचं पिंप आणि जुनी बॅटरी कशासाठी ठेवली आहेत ते तुम्हालाच ठाऊक.

आणि उतारावर न्यूट्रल टाकणं बंद करा. हे मी आधीही सांगितलं आहे, पण या वेळी नीट वाचा. सरकारी जीपला पेट्रोल मोजून मिळायचं आणि तुम्हाला गुरं तपासायला गावोगाव हिंडायचं असायचं, तेव्हा घाटात इंजिन बंद करून उतरणं तुमच्या अंगवळणी पडलं. या गाडीत ते उलटं आहे. गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणंच थांबतं, चाकंच त्याला फिरवत नेतात. न्यूट्रलमध्ये ते चालू राहण्यासाठी पेट्रोल पीत बसतं. आणि इंजिन बंदच केलं तर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

घाटात ब्रेक तसाच झाला होता ना, अण्णा?

इराने सांगितलं. सुट्टीत ती तुमच्याकडे असताना तुम्ही तिला 'आईला सांगू नकोस' म्हणाला होतात, म्हणून तिने आठवडाभर सांगितलं नाही. परवा वेणी घालताना एकदम म्हणाली, "आजोबांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नव्हती." गाडीवरच्या ओरखड्याचं मला तुम्ही सांगितलंत की बाजारात म्हैस घासून गेली. पसरणीच्या घाटात म्हशीच्या उंचीचा दगडी कठडा आहे, एवढं मला माहीत आहे.

तो सगळा दोष न्यूट्रलवर ढकलायचा, असं ठरवून मी पत्र लिहायला बसले होते. तसं केलं असतं तर आपण दोघंही सुटलो असतो. पण इरा आणखीही काही म्हणाली. समोरून एसटी येत होती आणि ती तुम्हाला दिसली नाही. इराने ओरडून सांगितलं तेव्हा तुम्ही गाडी कठड्याकडे घेतलीत. तुम्हाला दिसत नाही, अण्णा. आईला माहीत आहे, शार्दूलला माहीत आहे. तो पुण्याहून फोन करून मला म्हणतो, "तू सांग ताई, तुझं ऐकतील." आई म्हणते, "मी बोलले तर जेवायचे नाहीत." म्हणून सगळ्यांनी ते माझ्यावर सोडलं आणि मी टायरमधल्या हवेवर.

का टाळलं तेही सांगते. आपण फोनवर दुसरं बोलतोच काय? तुम्ही ॲव्हरेज सांगता, मी बरं म्हणते, कधी भांडते, आणि फोन ठेवताना मला वाटतं, अण्णा ठीक आहेत. तुमची गाडी थांबली की आपलं बोलणंही थांबेल, याची मला भीती वाटते. इरा त्या गाडीत होती, याची त्याहून जास्त.

आमचे घरमालक नारायणस्वामी मामा मूळचे तंजावरचे. त्यांचं जुनं मराठी कळायला मला वर्ष लागलं. त्यांची गाडी खाली उभी असते आणि ती आता त्यांची मुलगी रंजनी चालवते. मामा रोज सकाळी ती पुसतात आणि थोडा वेळ आत बसतात. काल मी धीर करून विचारलं, किल्ली कशी सोडलीत? म्हणाले, "रंजनी मागितली, मी दिलो. मागितली नाही तर देत होतो काय?" मग हात झटकून म्हणाले, "परवाइल्लै." म्हणजे, असू दे. पण त्यांना ते तितकंसं असू दे वाटत नाही, हे दिसतं. तुम्हालाही वाटणार नाही. मी तसं म्हणणारही नाही.

आईला गुडघ्यांसाठी साताऱ्याच्या डॉक्टरांकडे कोण नेणार, हा तुमचा पहिला प्रश्न असेल. तुमच्या मागच्या गल्लीतला अमरसिंह भाड्याच्या गाड्या चालवतो, त्याच्याशी मी बोलले आहे. तो तुमचीच गाडी चालवेल. तुम्ही शेजारी बसून त्याला वाटेल ते बोला, तशी त्याला कल्पना दिली आहे.

शनिवारी मी एकटी येते आहे. चार दिवसांची रजा मिळवताना साहेबांचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. किल्ली तोवर आईच्या डब्यात वगैरे नको, तुमच्याच खिशात असू दे. मी ती तुमच्या हातून घेणार आहे. मग आपण दोघं पसरणीचा घाट चढू आणि उतरू. गाडी मी चालवीन, गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून. याच घाटात तुम्ही मला शिकवलंत, तेव्हा डावीकडे बसून माझं काय चुकतं ते सांगायचा हक्क तुमचा आहे. फक्त वळणावर समोर काय येतंय, ते मी बघीन.

पत्र मिळालं की फोन करा. ॲव्हरेज सांगू नका. कसे आहात ते सांगा.

तुमच्याकडे किल्ली मागायला येणारी,
कल्पना