पुंता बलितीचा कोरडा कॅम्प

सान रोके, सिआरगाव बेट
सुक्या मासळीच्या गाळ्यावरून, मंगळवार

आदरणीय मनांग लोलेंग,

तुझा हात तुझ्या या धाकट्या भावाच्या कपाळाला लागला असं समज आणि मला भरपूर आशीर्वाद दे, या खेपेला ते सगळेच्या सगळे लागणार आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? सेबूच्या डॉक्टरने दिलेलं मलम लावतेस, की कपाटात ठेवून नुसतं त्याच्याकडे बघतेस? इकडे सगळं क्षेम आहे. डुकरीण व्याली, आठ पिल्लं झाली, त्यातलं एक अगदी आपल्या कॅप्टनसारखं दिसतं (गावचा मुखिया असला म्हणून खरं बोलू नये असं कुठे आहे). माझी बायको चारिंग हिचा आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे. माझी तब्येतही बरी, फक्त चार दिवस झाले अन्नाला चव लागत नाही. त्याचं पुढे येईलच.

तुझं पत्र मिळालं. तुझी नात जोनलिन आणि तिच्या तीन मैत्रिणी सुट्टीत इकडे येऊन लाटांवर फळी घालून उभं राहायला शिकणार, आणि त्यांच्यासाठी चांगला कॅम्प मी निवडायचा, असं तू लिहिलंस. स्वयंपाकघर स्वच्छ हवं, शिकवणाऱ्याचं पोरींवर लक्ष हवं (त्या अर्थाने नव्हे, हे तू दोनदा अधोरेखित केलं आहेस), आणि शिकवणारा जुना, मुरलेला हवा, कालचं पोर नको. तू स्वतः येणार नाहीस हेही लिहिलंस. ते मी धरूनच चाललो होतो. सव्वीस वर्षं तू या समुद्राकडे पाठ करून बसली आहेस, पत्रातसुद्धा कधी त्याचं नाव घेत नाहीस. या वेळी घेतलंस, म्हणून मी लगेच गाळा बंद करून निघालो. सुकी मासळी एका दिवसात काही पळून जात नाही.

पहिला कॅम्प बेर्न्ट नावाच्या नॉर्वेच्या माणसाचा. आता तुला आठवतं ना, एन्कान्तो ओळखायच्या खुणा आपली लोला आजी झोपताना कशा घोकून घ्यायची? (देव तिच्या आत्म्याला शांती देवो, आणि तिच्या लाकडी वहाणेलाही, माझ्या पाठीवर अजून तिचा वळ असेल.) झाडात राहणारी ती माणसं उंच असतात, गोरी असतात, वरच्या ओठावर नाकाखाली आपल्याला असते ती खाच त्यांना नसते, आणि त्यांच्या अन्नात मीठ नसतं. त्यांनी दिलेला घास खाल्ला की माणूस त्यांचा झाला. पुढे कधी तो सुटायचा असेल तर ज्या हाताने त्याला लहानाचं मोठं केलं त्याच हाताने जिभेवर घरचं मीठ ठेवावं लागतं, दुसऱ्या कुणाच्या हाताचा उपयोग नाही. तर हा बेर्न्ट सव्वासहा फूट उंच, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि त्याने मला प्रेमाने एक वाडगाभर पेज दिली. मी जिभेचं टोक लावलं, पेजेत मिठाचा कण नाही. मी मान वर केली तर खाच असायला हवी तिथे भलीमोठी मिशी. मग खाली वाकून, मान वाकडी करून, अगदी त्याच्या नाकापर्यंत जाऊन मी मिशीच्या आत बघू लागलो. तो हसला. त्याच्या देशात याचा काय अर्थ होतो कोण जाणे, त्याने डोळे मिटले. मी खिशातली मिठाची पुडी काढून त्याच्या तोंडावर उधळली.

त्याला रक्तदाबाचा त्रास आहे, मनांग. डॉक्टरने मीठ बंद केलंय. हे मला कॅप्टनने, पाद्रीबाबांनी आणि बाजारातल्या एकूण एक बाईने वेगवेगळं समजावून सांगितलं. बेर्न्ट डोळे धुऊन वर मलाच पाणी विचारत होता, इतका सज्जन माणूस. त्याला खाच आहे, मी नंतर पाहिली. चारिंगने मात्र माझी पुडी काढून घेतली, मला अंगणात उभं करून कलमान्सी लिंबाच्या फोडींनी आणि साबणाने कोपरापर्यंत घासलं, नवा सदरा दिला आणि बजावलं, "पुढच्या कॅम्पात माणसासारखा जा. मासळीचा वास नको, मिठाचा खडा नको आणि कुणाच्या ओठाकडे बघायचं नाही." म्हणजे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर मिठाचा कणही नव्हता. (दुसऱ्या कॅम्पबद्दल लिहीत नाही. तिथला शिकवणारा झोपला होता, मी दीड तास वाट पाहिली, बहुधा अजूनही झोपलेलाच असेल.)

तिथून परतताना फाट्यावर एक नवा फलक दिसला, पुंता बलितीच्या दिशेने बाण आणि लाटेवर उभ्या माणसाचं चित्र. त्या टोकाला जायच्या वाटेवरचं बलितीचं जुनं, पारंब्यांचं झाड तुला माहीत आहे. त्याच्याखालून जाताना लोला आपल्याला थांबवून "ताबी, वाट द्या, आम्ही जातोय" असं म्हणायला लावायची. माझ्या ओठांवर ते आलं होतं. पण बेर्न्टचे लाल झालेले डोळे आठवले, लाज वाटली आणि मी ते गिळून पुढे गेलो. एक शब्द वाचवायला गेलो, त्याचं हे एवढं लांब पत्र झालं आहे.

कॅम्प फार व्यवस्थित होता. स्वयंपाकघरात एकही माशी नाही, मी मनात तुझ्या पहिल्या अटीपुढे खूण केली. वाळूत वीसेक फळ्या ओळीने ठेवलेल्या आणि त्यांच्यावर उंच, गोरी माणसं पालथी पडून दोन्ही हातांनी वाळू मागे सारत होती, सगळी एका लयीत. कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, शिस्त आहे. जवळून पाहिलं तर फळ्यांवरच्या मेणावर धूळ बसलेली, चांगली बोटभर जाड, जुनी, आणि एकाही फळीला पाणी लागल्याची खूण नाही. दोरीवर कपडे होते, तेही कोरडे ठणठणीत. समोर माणसाच्या उंचीच्या लाटा फुटत होत्या आणि त्यांचा आवाज येत नव्हता. मी कानात बोट घालून पाहिलं, कानाचा दोष नव्हता. तिथली व्यवस्थापक बाई पुढे आली. पोरी पाण्यात कधी उतरतील, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आधी वाळूत पक्कं होऊ दे. इथे घाई कुणालाच नसते." लोक जपून शिकवतात, असं मी स्वतःला सांगितलं. तिचा वरचा ओठ उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत होता. पावडर लावली असेल, असंही मीच स्वतःला सांगितलं. आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती.

तरी मी तुझी तिसरी अट विचारली, कारण पत्रात तू ती मोठ्या अक्षरात लिहिली होतीस. शिकवणारा जुना आहे का? ती म्हणाली, आमचा सगळ्यांत अलीकडचाच बराच जुना आहे, आणि तिने हाक मारली. मनांग, बसून घे. झोपडीमागून मनोय इस्लाव आला. आपला हरवलेला इस्लाव, माझा थोरला भाऊ. चोवीस वर्षांचा, त्या दिवशी होता तसाच, हनुवटीवर तू नारळाची खवणी फेकून मारल्याची खूण, आणि अंगात माझा सदरा. तोच पिवळा, पाठीवर आठ आकडा असलेला, बाही उसवली तेव्हा तू निळ्या दोऱ्याने शिवलेला. दोरा अजून चकाकत होता. तो म्हणाला, "या तियो, सावलीत बसा. ऊन लागेल तुम्हाला." मला काका म्हणाला गं. ज्याने मला पेरूच्या झाडाला उलटं टांगलं होतं, तो मला अहोजाहो करत होता.

सव्वीस वर्षांनी सापडलेल्या भावाला मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "तो माझा सदरा आहे." त्याने मान वळवून पाठीवरचा आकडा बघितला आणि हसला. म्हणाला, "हा माझ्या धाकट्या भावाचा. सकाळी न विचारता घातला, फुगून बसला असेल बिचारा. संध्याकाळी देऊन टाकीन. एवढा धडा झाला की निघतोच, नाहीतर मनांग जेवायला देणार नाही." त्याच्यासाठी ती सकाळ अजून संपलेली नाही. आपण चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा म्हटले, तू दर वाढदिवसाला त्याचं ताट वाढून ठेवलंस, तू हे बेट सोडून गेलीस, आणि त्याची अजून जेवणाची वेळ झालेली नाही.

आता त्या सकाळचं सांगतो, जे मी तुला कधी सांगितलं नाही. तू अंगणात तांदूळ निवडत होतीस. त्याने सदरा घातलेला बघून मी त्याच्या मागे ओरडलो होतो, जा, तोंड काळं कर आणि परत येऊ नकोस. तुला ऐकू गेलं नाही. संध्याकाळी त्याची फळी वाळूत उभी रोवलेली सापडली, कोरडी, आणि तू समुद्राला दोष दिलास. मी देऊ दिला. मला फार भीती वाटत होती की तू माझ्याकडे बघशील. मला त्याची लाज वाटते, मनांग, रोज वाटते, मासळीला मीठ चोळतानासुद्धा.

मी त्याला सांगितलं की मी तेबान. तो खूप हसला. "तेबान वीस वर्षांचा आहे आणि त्याचे केस झाडूसारखे आहेत. तुमच्या डोक्यावर तर दिवा लावायला जागा आहे, तियो." मग मी तुझं नाव घेतलं. त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले, लहानपणी काही ढापलं की जायचे तसे. त्याने मान तिरकी केली आणि विचारलं, "हाक मारतेय का ती?" बराच वेळ कान देऊन उभा राहिला. मग म्हणाला, "नाही. अजून नाही मारली." आणि परत वाळूतल्या लोकांकडे बघू लागला.

तेवढ्यात त्या बाईने पानावर काळसर भात आणि भाजलेला मासा आणून ठेवला. मी काही खाल्लं नाही. (सान्तो निन्योची शपथ, काही खाल्लं नाही.) काहीतरी कारण सांगून मी उठलो आणि झाडाखालून जाताना तीनदा मोठ्याने ताबी म्हणालो. दुसऱ्या दिवशी चारिंगला घेऊन गेलो. तिला झाड दिसलं, दगड दिसले, एक शेळी दिसली. मला फलक, फळ्या आणि पिवळा सदरा दिसत होता. तिने आणलेलं किलोभर मीठ मी त्याच्या दिशेने फेकलं, तर तो नुसता बाजूला झाला आणि कपडे झटकून म्हणाला, "तियो, तुम्हाला ऊन लागलंय." चारिंगनेही तेच म्हटलं.

असो. गुडघ्यांना जप, मलम लाव, जोनलिनला आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक,
तेबान

ता. क. पोरींची सोय बेर्न्टकडे केली आहे. माणूस सालस, स्वयंपाकघर स्वच्छ, पोरींना पहिल्याच दिवशी समुद्रात घालतो आणि नाकातोंडात खारं पाणी जाऊ देतो. त्यांना पुंता बलितीकडे फिरकू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पोरींबरोबर तूही ये. समुद्राकडे बघू नकोस हवं तर, मी होडीत तुझे डोळे बांधून आणीन. फक्त झाडाखाली उभी राहा आणि जेवायला बोलवायचीस तशी त्याला हाक मार, रागावून. तो माझं ऐकत नाही, कधीच ऐकायचा नाही. तुझी हाक ऐकली की येईल, आणि मीठ तुझ्याच हातचं लागेल. सदरा त्याच्याकडेच राहू दे म्हणावं.

ता. क. तिसरा. वर शपथ घेतली ती खोटी आहे, माफ कर. मी नको नको म्हणत होतो तेव्हा त्याने मासा काटे काढून भातात कालवला आणि घास माझ्या तोंडाशी धरला. म्हणाला, "माझा धाकटाही असाच रुसला की जेवत नाही, मग मला भरवावं लागतं. आ करा, तियो." मी आ केला. तेव्हापासून चारिंगचं कालवण अळणी लागतं, ती म्हणते मीठ रोजच्याइतकंच आहे. खारवलेला बांगडा तसाच चावला, तोही अळणी. आज सकाळी ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मिशी काढलीस का, ओठ एवढा सपाट कसा दिसतो? मला कधीच मिशी नव्हती, मनांग. तू आम्हा दोघांना एकाच हाताने वाढवलंस, तेव्हा मीठ दोघांना पुरेल इतकं आण.